वावरातली चिरबोटी ओळखायची कशी?

पोळा झाला की आमच्याकडे कपाशीत दुसरी निंदणी चाललेली असते. बाया ओळी धरून पुढे सरकतात आणि उपटलेलं तण मुठीमुठीनं मेरेवर टाकत जातात. त्या ढिगात हमखास एखादं रोप असं असतं की ज्याच्या फांद्यांना खालून छोटे छोटे हिरवे कंदील लटकलेले असतात. ही चिरबोटी. कोणी चिरपोटी म्हणतं, कोणी पोपटी, कोणी रानपोपटी. लहानपणी अमळनेरजवळच्या आमच्या मळ्यात आम्ही पोरं तो ढीग उचकायचो, फुगीर कंदील शोधायचो आणि एकमेकांच्या कपाळावर आपटून फट्‌कन फोडायचो. पिकलेला सापडला तर सोलून आतला पिवळा मणी तोंडात. आजी मात्र बांधावरून ओरडायची, "हिरवं नको खाऊ रे, पिवयं व्हऊ दे, खाले पडू दे, मंग खाय!"

गेल्या काही वर्षांत शहरातून गावी येणारी आमचीच मुलं, शेताची आवड असलेले नवे लोक, शिक्षक, विद्यार्थी असे बरेच जण विचारतात की ही चिरबोटी नेमकी कशी ओळखायची. मोबाईलवर फोटो दाखवतात. त्यातले निम्मे फोटो भलत्याच झाडाचे असतात, आणि त्यातली एकदोन झाडं तोंडात घालण्यासारखी मुळीच नसतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: नुसता कंदील दिसला म्हणून चिरबोटी ठरवायची नाही. कंदील हा शेवटचा पुरावा आहे, पहिला नाही.

नावाच्या भरवशावर राहू नका

गावागावाला नाव बदलतं आणि एकाच नावाखाली दोन-तीन झाडं येतात. "पोपटी" म्हटलं की रायगड-अलिबागकडच्या माणसाला मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा आठवतात. "रानपोपटी" म्हणून तुम्हाला कोणी निळ्या फुलाचं झाडही दाखवेल, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. संस्कृतात "टंकारी" हे नाव या झाडाला लावलं जातं. शास्त्रीय नाव फायसॅलिस मिनिमा. फायसा म्हणजे ग्रीकमध्ये फुगा, बुडबुडा. फुगलेल्या कंदिलावरून हे नाव पडलं. कार्ल लिनिअसनं 1753 साली या नावाची नोंद केली. त्याच वर्षी त्यानं फायसॅलिस अँग्युलाटा हे नावही दिलं. ते झाड आपल्या झाडाशी इतकं मिळतंजुळतं आहे की काही तज्ज्ञ दोन्ही एकच धरतात. ढोबळ फरक सांगायचा तर मिनिमाच्या कोवळ्या खोडावर आणि पानांवर बारीक लव असते, अँग्युलाटा जवळजवळ गुळगुळीत आणि खोडानं जास्त कोनेदार. नवख्या माणसानं यात अडकू नये. आधी "हे फायसॅलिस आहे की दुसरंच काही" एवढं पक्कं करावं.

"देशी" या शब्दाबद्दलही दोन वाक्यं. फायसॅलिसच्या बहुतेक जाती अमेरिका खंडातल्या. बाजारात थंडीच्या शेवटी मिळणारी मोठी नारिंगी रसभरी, फायसॅलिस पेरुव्हियाना, ही तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतली. पण आपल्या वावरातली चिरबोटी कोणी पेरलेली नाही, कोणी रोप आणून लावलेलं नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या आपसूक उगवते, म्हणून लोक तिला देशी म्हणतात. या लेखात देशी चिरबोटी म्हणजे ही.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

चिरबोटी एका पावसाळ्याचं झाड आहे. मृगाच्या सरी पडल्या, काळी जमीन भिजली की बी रुजतं. श्रावणात रोप वीतभर होतं. पोळ्याच्या आसपास फुलं आणि पहिले कंदील दिसायला लागतात, नवरात्रात हिरवे कंदील भरपूर असतात आणि दिवाळीच्या सुमाराला, कापूस वेचणी जोरात असताना, ते वाळून पिवळट होऊन खाली पडायला लागतात. पाऊस उशिरा आला की सगळं पंधरा दिवस पुढे जातं. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत ठिबकचं पाणी असतं, तिथे कडेकडेनं हे झाड थंडीतही हिरवं सापडतं. पण शिकायला सगळ्यात चांगला काळ नवरात्र ते दिवाळी. त्या दिवसांत एकाच झाडावर कळी, फूल, हिरवा कंदील आणि पिकलेला कंदील असं सगळं एकदम बघायला मिळतं.

जागा म्हणाल तर जिथे माती हललेली आहे तिथे. कपाशीच्या ओळींमधली जागा, उडीद-मूग काढून झालेलं मोकळं वावर, मक्याच्या कडेचा बांध, खळ्याची कड, उकिरड्याजवळची भुसभुशीत जमीन, पाटाचा काठ. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-शिरपूरकडे नाल्याच्या कडेनं गाळ साचतो तिथेही. दाट गवतात किंवा दगडाळ माळावर शोधत बसू नका. माळावर कंदीलवालं झाड दिसलं तर ते बहुधा दुसरंच असतं.

बांधावर जाण्याआधी वावराच्या मालकाला विचारा. त्याची परवानगी तर हवीच, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: तिथे तणनाशक किंवा कीटकनाशक मारलं आहे का, कधी मारलं, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. नुसतं बघायला, फोटो काढायला हरकत नाही, पण फवारलेल्या वावरातलं फळ खायचं नाही. औषध वाऱ्यानं उडून मेरेवरही येतं, म्हणून "बांधावरचं चालतं" ही समजूत सोडून द्या.

दुसरी पायरी: लांबून अंग बघा

झाडाजवळ बसण्याआधी दोन पावलं मागे उभं राहून त्याचं अंग बघा. चिरबोटी साधारण गुडघ्याइतकी, फार तर कंबरेपर्यंत. ती वेल नाही, कशावर चढत नाही, तिला ताणे नाहीत. काटे नाहीत. खोड मऊ, हिरवं, कधी जांभळट झाक असलेलं, बोटानं दाबलं तर दबणारं आणि त्यावर उभ्या कडा जाणवतात. फांद्या खालपासूनच फुटून आडव्या पसरतात, त्यामुळे झाड उंच कमी आणि पसरट जास्त दिसतं. लाकडासारखी टणक, राखाडी फांदी हाताला लागली तर थांबा. ती चिरबोटी नसावी.

पानं एकाआड एक असतात, टोकाकडे कधी दोन पानं जवळजवळ जोडीनं, एक मोठं एक लहान. आकार लांबट बदामासारखा, टोक निमुळतं. कड कधी सरळ, कधी थोडी नागमोडी, कधी मोठे मोठे दाते असलेली. एकाच झाडावर हे तिन्ही प्रकार असू शकतात, म्हणून पानाच्या कडेवरून काही ठरवू नका. पानाचा बुंधा, देठाला चिकटतो तो भाग, दोन्ही बाजूंना सारखा नसतो. एक बाजू किंचित खाली उतरलेली असते. ही खूण मला भरवशाची वाटते.

आणखी एक बारीक खूण. वांग्याच्या पानांवर ठिपक्यांचे गोल भुंगेरे बसून पान खरवडतात आणि पानाची नुसती जाळी उरते, हे भाजीवाल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तेच भुंगेरे चिरबोटीवरही येतात. एखाद्या अनोळखी रोपाची पानं वांग्याच्या पानासारखी जाळीदार झालेली दिसली तर समजावं की हे वांग्याच्या नात्यातलं कोणीतरी आहे. वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू, धोतरा, कामोणी, अश्वगंधा, रिंगणी: चिरबोटी या सगळ्यांच्या कुळातली. म्हणजे घरातली अर्धी भाजी आणि गावातली काही जहाल विषं एकाच कुटुंबात आहेत. म्हणून इथे घाई चालत नाही.

कोवळं रोप, ज्याला अजून फूल नाही, ते मात्र मी स्वतःही नक्की सांगत नाही. वीतभर उंचीची चिरबोटी, कामोणी आणि धोतरा शेजारी उगवले तर पानावरून गफलत होते. पानांची भाजी, काढा असं काही कोणी सांगितलं तर ऐकू नका. या झाडाचं पान आपण वापरत नाही, इतकं साधं धरून चला.

तिसरी पायरी: फूल शोधा

फूल लहान असतं आणि तोंड खाली करून बसतं, म्हणून उभ्यानं दिसत नाही. वाका, फांदी हलकेच उलटी करा. ऊन थोडं चढलं की फुलं नीट उघडलेली मिळतात. जिथे पानाचा देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यातून एक बारीक दांडी निघते आणि तिच्या टोकाला एकच फूल असतं. एकच. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा, पुढे अश्वगंधेशी गाठ पडेल तेव्हा हाच मुद्दा तुम्हाला वाचवेल.

फुलाचा रंग फिकट पिवळा, मलूल लोण्यासारखा. आकार छोट्या घंटेचा, एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. पाकळ्या सुट्या नसतात, एकमेकींना जुळलेल्या असतात आणि काठाला पाच पुसट कोपरे असतात. आत तळाशी कधी तपकिरी डाग दिसतात, कधी नाहीत. बाजारातल्या मोठ्या रसभरीच्या फुलात मात्र पाच ठळक, गडद डाग असतात आणि तिची पानं मखमलीसारखी लवदार असतात. कोणाच्या परसात तुम्हाला असं झाड दिसलं तर ती लावलेली रसभरी.

निळं-जांभळं, तीन-चार सेंटिमीटरचं मोठं फूल दिसलं तर ते झाड निकँड्रा. त्यालाही कंदील येतो, पण तो पाच पाखांचा असतो, बुडाशी प्रत्येक पाखाला टोकदार कान असतात आणि आतलं फळ कोरडं असतं. ते खायचं नाही. काही लोक यालाच रानपोपटी म्हणतात, म्हणून मी नावावर जाऊ नका म्हणाले.

चौथी पायरी: कंदील समजून घ्या

इथे जरा रेंगाळायचं आहे. स्वयंपाकघरातून एक वांगं घ्या. भरताचं, लांब देठाचं असेल तर उत्तमच, आपल्या जळगावकडे त्याची कमी नाही. वांग्याच्या डोक्यावर जी हिरवी टोपी असते, कधी काटेरी, पाच टोकांची, ती काय आहे? ते फुलाचंच एक अंग. कळी असताना पाकळ्यांना बाहेरून झाकून ठेवणारं हिरवं आवरण, शास्त्राच्या भाषेत निदलपुंज. बहुतेक झाडांत पाकळ्या गळाल्या की हेही वाळून जातं किंवा तसंच लहान राहतं. वांग्यात ते फळाबरोबर थोडं वाढून टोपी बनतं. टोमॅटोवर पाच पाकळ्यांचा हिरवा तारा असतो तो हाच. मिरचीच्या देठाकडची हिरवी वाटीही हीच.

चिरबोटीत हीच टोपी वाढायची थांबत नाही. फूल फळलं की ती फुगायला लागते, फळाच्या चारी बाजूंनी खाली उतरते, तिची पाच टोकं खाली एकमेकांना भेटतात आणि फळ आत बंद होतं. म्हणजे कंदील ही फळाची साल नाही, पाकळ्याही नाहीत. वांग्याची टोपीच मोठी होऊन सगळ्या वांग्यावर चढली असती तर जे झालं असतं ते हे. एकदा हे कळलं की तुम्ही कुठलाही कंदील हातात घेऊन प्रश्न विचारू शकता: हे आवरण फळापासून वेगळं आहे का? आतलं फळ फक्त देठापाशी चिकटलेलं, बाकी मोकळं आहे का? खाली पाच टोकांचं मिटलेलं तोंड आहे का? तिन्ही उत्तरं "हो" असतील तरच पुढे जा.

आता एक पिकलेला कंदील घेऊन बघू. मागच्या दिवाळीत वहिनीबरोबर कापूस वेचायला गेले होते तेव्हा बोरी नदीकाठच्या मेरेवरून उचललेला एक मला अजून आठवतो. दोन-अडीच सेंटिमीटर लांब, वाळक्या पानाच्या रंगाचा, हातात घेतला तर वजनच नाही. वर पाच ठळक आणि मध्ये पाच पुसट शिरा, काही शिरांवर जांभळट रेघ. उन्हाकडे धरला तर आतल्या मण्याची गोल सावली दिसली. मणी वरच्या बाजूला, देठाकडे, आणि खाली बरीच जागा रिकामी. बोटानं तोंड उघडलं. कागद फाटल्यासारखा आवाज झाला. आत वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, गुळगुळीत, फिकट पिवळं फळ, अंगावर किंचित चिकटपणा. नखानं आडवं कापलं तर आत दोन कप्पे आणि चपट्या, फिक्या बिया गच्च भरलेल्या, छोट्या टोमॅटोत असतात तशा. वास टोमॅटो आणि अननस यांच्या मधला कुठलातरी.

हिरवा कंदील याच्या उलट: ताठ, थोडा लवदार, दाबला तर हवा जाणवते, आणि आतलं फळ टणक, हिरवं, कडू. पाण्याच्या बादलीत एक टाकून बघा, तरंगतो. पाटाच्या पाण्याबरोबर हे कंदील एका वावरातून दुसऱ्यात कसे पोचत असतील ते लगेच कळतं.

पाचवी पायरी: फसवी झाडं बाजूला काढा

सगळ्यात जास्त फसवणारं झाड अश्वगंधा. आपल्याकडे ढोरगुंज, आस्कंद अशी नावं आहेत. पडीक जमीन, दगडमातीच्या जुन्या भिंती, कोरडा माळ ही त्याची ठिकाणं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला माझा भाचा गावाबाहेरच्या पडक्या वाड्याकडून धावत आला, "फुई, हे बघ, सापडली चिरबोटी! हिची फळं तर लाल आहेत, जास्त पिकलेली!" त्याच्या मुठीत कागदी कंदील होते आणि एक तर त्यानं सोलून ओठापर्यंत नेला होता. मी तो हातातून घेतला. कंदील अगदी चिरबोटीसारखा, वाळका, कागदी, पाच टोकांचा, फक्त आकारानं लहान. आत लालचुटूक मणी.

मग त्याला घेऊन त्याच झाडापाशी गेले आणि आम्ही दोघांनी वर सांगितलेल्या पायऱ्या पहिल्यापासून केल्या. अंग बघितलं: खोड टणक, झुडपासारखं, सगळ्या झाडावर राखाडी-पांढुरकी लव, हात फिरवला तर लोकरीसारखी. फूल बघितलं: हिरवट पिवळं, आणि एका बेचक्यात एक नाही, चार-पाचांचा घोळका. कंदीलही तसेच फांदीला चिकटून गुच्छानं बसलेले. चिरबोटीचा कंदील सुटा, लांब दांडीवर लोंबतो. फळ लाल, चिरबोटीचं पिकलं तरी पिवळसरच राहतं. अश्वगंधेचं मूळ औषधात वापरतात हे खरं, पण त्याची फळं खायची नसतात. भाच्याला मी त्या दिवशी एवढंच पाठ करून घेतलं: एका बेचक्यात एक फूल, एक कंदील, लाल नाही.

दुसरी फसवी झाडं सोपी आहेत. कपाळफोडी ही वेल असते, तिला ताणे असतात, फुगा तीन कप्प्यांचा असतो आणि आतल्या काळ्या बीवर पांढरा बदाम उमटलेला असतो. खुळखुळ्याच्या फुगीर शेंगा वाळल्या की वाजतात, पण ती शेंगच आहे, आत वेगळं फळ नाही, आणि फूल हरभऱ्या-तुरीच्या जातीचं. कामोणीला कंदीलच नसतो. पांढरी छोटी फुलं आणि काळे मणी घोसानं येतात. धोतऱ्याचं बोंड काटेरी. ही चारही झाडं एकेकदा समोर बघून घ्या, पुन्हा कधी चुकणार नाही.

सहावी पायरी: नोंद

मोबाईलमधली ॲप फोटोवरून झाडाचं नाव सुचवतात, पण चिरबोटी आणि अश्वगंधा यांच्या फक्त कंदिलाचा फोटो दिलात तर ॲपही चुकतं, कारण तुम्ही त्याला तेवढंच दाखवलं. म्हणून एका झाडाचे निदान पाच फोटो काढा: पूर्ण झाड, शेजारी चप्पल किंवा विळा ठेवून, म्हणजे उंची कळते, खोडाचा जवळून एक, पानाचा बुंधा, फांदी उलटी करून फूल, आणि कंदील एक बंद, एक उघडून कापलेला. फुलाचा फोटो सगळ्यात जास्त लोक विसरतात आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. तारीख, गाव, शेतातलं पीक, जमीन काळी की मुरमाड हे लिहा. गावातल्या म्हाताऱ्या बाईला नाव विचारून तेही लिहा, तिनं उच्चारलं तसंच.

नोंद हाताशी असली की जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवता येते. रोप नेऊन दाखवायचं असेल तर पाण्यात खुपसून नेऊ नका. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये पसरून, वर वजन ठेवून, रोज कागद बदलत आठवडाभर दाबून वाळवा. एक फूल उघडं करून ठेवा, एक कंदील चपटा करून आणि काही कंदील वेगळ्या पाकिटात.

खायचं असेल तर

ओळख पक्की झाली, जाणत्या माणसानं एकदा प्रत्यक्ष झाड दाखवून होकार दिला, आणि वावर फवारलेलं नाही हे कळलं, तरच. मग कंदील पूर्ण वाळून पिवळट झालेला आणि शक्यतो स्वतःहून खाली पडलेला घ्या. आत फळ पिवळं हवं. हिरवं फळ, कंदील, पान, यांत या कुळातल्या झाडांची कडू, विषारी द्रव्यं असतात. हिरव्या फळांनी पोटदुखी, उलट्या, जुलाब होतात. आमच्या आजीनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण तिचं बोलणं तंतोतंत बरोबर होतं. पहिल्यांदा खाताना एक-दोनच खा, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. लहान मुलांना वावरात एकटं सोडून "पिवळी बघून खा" असं सांगू नका. त्यांना लाल आणि पिवळ्यातला फरक कळतो, पण धीर धरवत नाही. गरोदर बाईनं रानातली अशी फळं टाळलेली बरी. आणि कोणी चुकीचं फळ खाल्लं, तोंड कोरडं पडलं, बडबड सुरू झाली, उलट्या होऊ लागल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. झाडाची एक फांदी बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात जा. डॉक्टरांना झाड दिसलं की उपचार लवकर ठरतो.

चव विचाराल तर गोड-आंबट, मागे हलका कडवटपणा. रसभरीइतकी रसाळ नाही. तरी दुपारी कापूस वेचून बांधावर बसल्यावर चार मणी मिळाले की फार बरं वाटतं.

बी आणि पुढच्या वर्षाचं ठिकाण

बी ठेवायचं असेल तर पूर्ण पिकलेली फळं वाटीभर पाण्यात कुस्करा, गर वर येतो, बी तळाशी बसतं. दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा आणि राख लावून कापडी पुरचुंडीत बांधा. मृगात कुंडीत किंवा परसात कोपऱ्यात टाका. वांगी, टोमॅटो, मिरचीच्या वाफ्याशेजारी मात्र लावू नका: पांढरी माशी आणि पान गुंडाळणारे रोग यांना चिरबोटीवर आसरा मिळतो, आणि तिथून ते भाजीवर जातात. शेतकरी तिला निंदून का काढतो याचं एक कारण हेच, आणि ते त्याच्या बाजूनं अगदी योग्य आहे. म्हणून वावरातलं झाड उपटू नका असा आग्रह त्याला करायला जाऊ नका; बांधाच्या कोपऱ्यातलं, नाल्याकडचं एखादं राखलं तरी पुरतं.

दिवाळी उलटून गेली आणि झाड वाळलं तरी ओळख पटवता येते. पौष-माघात त्याच जागी जाऊन पालापाचोळा हातानं बाजूला करा. कंदिलाचा कागद दवानं, पावसानं कुजून गेलेला असतो आणि फक्त शिरांची जाळी उरलेली असते, बारीक तारेच्या पिंजऱ्यासारखी. कधी कधी आत सुकलेला मणी अजून अडकलेला असतो. अशी जाळी सापडली की त्या जागी एक दगड रोवून ठेवा. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी त्याच दगडापाशी या आणि नवी रोपं निघाली आहेत का ते बघा.